फ्रेडी कोण गातोय? ‘माय फेअर लेडी’च्या तुलनेत झालेला घोळ

पार्श्वभूमी

जुन्या ब्रॉडवे म्युझिकल्सनी, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरच्या संगीत नाटकांनी, झपाटलेल्या काही मंडळींचा हा गट. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, घटनाक्रम आहे तसा ठेवला आहे. महिन्यातून एकदा जमायचं, एक म्युझिकल घ्यायचं, त्याचं कास्ट रेकॉर्डिंग (नाटकातल्याच कलाकारांनी गायलेल्या गाण्यांची तबकडी) ऐकायचं, चित्रपट पाहायचा आणि मग मनसोक्त वाद घालायचा, असा शिरस्ता. चर्चेची टिपणं संयोजक ताई लिहून काढायच्या आणि सगळ्यांना पाठवायच्या. शेवटी हात वर करून मतदान व्हायचं: रंगमंच सरस की चित्रपट?

या प्रश्नात मुळातच खोट होती, पण ती बरेच दिवस कुणाला खुपली नाही. गटातल्या एकानेही यातला कुठलाच मूळ प्रयोग पाहिलेला नव्हता. ‘माय फेअर लेडी’ न्यूयॉर्कच्या मार्क हेलिंजर थिएटरात १५ मार्च १९५६ला सुरू झालं आणि २,७१७ प्रयोगांनंतर १९६२मध्ये थांबलं. म्हणजे मतदानात ‘रंगमंच’ या नावाखाली जे उभं राहत होतं, ते प्रत्यक्षात रेकॉर्ड होतं.

आणि रेकॉर्ड म्हणजे प्रयोग नव्हे. त्या काळात ब्रॉडवेवर रविवार बहुधा सुट्टीचा, म्हणून प्रयोग सुरू झाला की लवकरच एखाद्या रविवारी सगळा संच स्टुडिओत जायचा आणि दिवसभरात रेकॉर्ड उरकायचा. ‘माय फेअर लेडी’चं ध्वनिमुद्रण २५ मार्च १९५६ला, पहिल्या प्रयोगानंतर दहाच दिवसांनी झालं. जागा होती कोलंबिया कंपनीचा तिसाव्या रस्त्यावरचा स्टुडिओ, एकेकाळचं चर्च. निर्माता गॉडर्ड लिबरसन. एलपीच्या दोन्ही बाजू धरून पन्नासेक मिनिटं मिळत, आणि नाटक तर जवळपास तीन तासांचं. त्यामुळे संवाद बहुतेक गळले, नृत्याचं संगीत आखडलं. लिबरसनना हुबेहूब नोंद ठेवायचीच नव्हती. घरी बसून ऐकणाऱ्याला पुन्हा पुन्हा लावावीशी वाटेल अशी तबकडी त्यांना हवी होती. शिवाय या नाटकाच्या निर्मितीत कोलंबियाच्या मालक कंपनीचा, सीबीएसचा पैसा गुंतलेला होता, त्यामुळे रेकॉर्ड हा जोडधंदा नव्हताच.

अडचण

‘माय फेअर लेडी’ची बैठक रंगली. १९६४च्या चित्रपटाचं दिग्दर्शन जॉर्ज क्यूकरचं. भाषातज्ज्ञ हिगिन्सच्या भूमिकेत रंगमंचावरचाच रेक्स हॅरिसन, एलायझाचा बाप डूलिटलही रंगमंचावरचाच, स्टॅन्ली हॉलोवे. फक्त हिगिन्स जिला उच्चभ्रू बोलणं शिकवतो ती फुलवाली एलायझा बदलली. ज्युली अँड्र्यूजच्या जागी ऑड्री हेपबर्न आली आणि तिची बहुतेक गाणी मार्नी निक्सनने गायली. हा सल जगभरच्या चाहत्यांच्या मनात अजून आहे. त्याच वर्षी अँड्र्यूजला ‘मेरी पॉपिन्स’साठी ऑस्कर मिळालं आणि हेपबर्नला नामांकनही नाही, हे वाक्य अशा प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणतंच. इथेही म्हटलं गेलं.

टिपणांत निष्कर्ष असा उतरला: रंगमंचावरची एलायझा सफाईदार आहे, पण जरा अलिप्त. हिगिन्स कमालीचा निवांत, जणू घरच्या दिवाणखान्यात बोलतोय. चित्रपटात मात्र धडपड आणि ताजेपणा जाणवतो. एका सभासदाने तर म्हटलं होतं, ‘नव्या नाटकाच्या पहिल्या आठवड्यातले कलाकार इतके मुरलेले कसे वाटतात?’ प्रश्न टिपणांत आला, पण उत्तर शोधायला कुणी थांबलं नाही. मतदान चित्रपटाच्या बाजूने गेलं.

दोन दिवसांनी गटातल्या निवृत्त ध्वनिमुद्रक काकांचा फोन आला. बैठकीत फाइल एकाच स्पीकरवर वाजली होती. त्यांनी ती घरी हेडफोन लावून ऐकली.

“ताई, ही फाइल आली कुठून?”

“आपल्यातल्याच एकांनी घरच्या तबकडीवरून करून दिली. का हो काका?”

“वाद्यवृंद डावी-उजवीकडे पसरलाय. अस्सल स्टिरिओ आहे. आणि छपन्नची तबकडी तर मोनो, सगळा आवाज एकत्रच.”

मग तबकडीच्या मालकांकडून वेष्टनाचे फोटो मागवले. पुढची बाजू पाहून काहीच कळेना, कारण तिथे व्यंगचित्रकार हर्शफेल्डचं तेच प्रसिद्ध रेखाचित्र होतं: ढगात बसलेले मूळ कथेचे नाटककार शॉ हिगिन्सला कळसूत्री बाहुल्यासारखे नाचवताहेत आणि हिगिन्स एलायझाला. क्रमांक मात्र निराळा. न्यूयॉर्कच्या तबकडीचा ओएल ५०९०, हिचा ओएस २०१५. मागच्या बाजूला वाद्यवृंदाचा संचालक फ्रान्झ ॲलर्स नव्हता, सिरिल ऑर्नाडेल होता. आणि एलायझावर भाळलेल्या फ्रेडीच्या नावापुढे जॉन मायकल किंगऐवजी लिओनर्ड वीअर.

गटाने ऐकलं होतं ते लंडनच्या संचाचं रेकॉर्डिंग. लंडनच्या ड्र्युरी लेन थिएटरात नाटक ३० एप्रिल १९५८ला सुरू झालं. हॅरिसन, अँड्र्यूज, हॉलोवे आणि हिगिन्सचा मित्र पिकरिंग करणारा रॉबर्ट कूट असे चौघे न्यूयॉर्कहून तिकडे गेले होते. छपन्नमध्ये केवळ मोनो झालं म्हणून तोच संच स्टिरिओत हवा होता, आणि ते काम फेब्रुवारी १९५९मध्ये झालं. फोनवर गाणं ऐकणाऱ्याला यातलं काही कळायचं कारण नाही. तीच गाणी, तेच मुख्य आवाज, तेच चित्र. वेगळा आवाज म्हणजे गल्लीत उभा राहून प्रेमगीत गाणारा फ्रेडी, आणि फ्रेडीकडे कान लावून बसतं कोण!

आता टिपणांतली प्रत्येक ओळ वाकडी दिसू लागली. मार्च १९५६मध्ये अँड्र्यूज २० वर्षांची होती आणि भूमिका अंगावर नवी कोरी. फेब्रुवारी १९५९पर्यंत दोन शहरांत तिने ती भूमिका जवळपास तीन वर्षं केलेली. ‘अलिप्त’, ‘मुरलेली’, ‘निवांत’ हे शेरे रंगमंच आणि चित्रपट यांतल्या फरकाबद्दल नव्हतेच. पहिला पंधरवडा आणि तिसरं वर्ष यांतला फरक गटाला बरोबर ऐकू आला होता, फक्त त्याच्यावर चिठ्ठी भलतीच चिकटली. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. कान चुकले नव्हते.

पर्याय

संयोजक ताई आणि आणखी तिघं बसले तेव्हा समोर बऱ्याच वाटा होत्या.

सगळ्यात सोपी वाट दुरुस्तीची: ‘फाइल लंडनची होती, कृपया नोंद घ्यावी’ अशी एक ओळ पाठवायची आणि पुढच्या म्युझिकलकडे वळायचं. पण मग निष्कर्ष तसेच राहिले असते आणि त्यांच्या खाली आधार काही उरला नसता.

दुसरी सूचना एका तरुण सभासदाची. कास्ट रेकॉर्डिंग हा रंगमंचाचा पुरावाच नाही, तेव्हा ते तुलनेतून काढून टाकावं आणि छापील संहिता व चित्रपट एवढंच समोर ठेवावं. तर्क पक्का होता. तरी ती नाकारली गेली आणि ते बरं झालं, कारण म्युझिकल संहितेत जेमतेम अर्धं असतं. हिगिन्सची गाणी हॅरिसन बोलत-बोलत, सुरांच्या कडेकडेने म्हणतो. कागदावर त्यातलं काय दिसणार?

तिसरी वाट दोन्ही रेकॉर्डिंगं आणि चित्रपट असं सगळं पुन्हा ऐकायची. यात वेळ जाणार होता आणि काही जण ‘पुन्हा तेच?’ म्हणणार हे उघड होतं.

गायन शिकवणाऱ्या ताईंचं म्हणणं आणखी वेगळं. त्या म्हणाल्या, अख्खी आवृत्ती अख्ख्या आवृत्तीशी जोखायची कशाला? एक गाणं घ्या, कथेत ते कुठे येतं ते बघा, आणि तिथे ते काय काम करतं तेवढंच विचारा. मतदानावर मात्र खूप बोलणं झालं. मतदान बंद केलं तर मजा जाईल, अशी धास्ती संयोजक ताईंना होती. शेवटी तिसरी वाट आणि गायन ताईंची सूचना एकत्र करायचं ठरलं, आणि मतदान ‘तूर्त’ बाजूला ठेवलं.

काय केलं

पहिलं पाऊल म्हणजे नावं झाकून ऐकणं. १९५६ आणि १९५९ची तीच दोन-तीन गाणी एकापाठोपाठ, काहीही न सांगता. स्टिरिओमुळे लगेच ओळखू येऊ नये म्हणून काकांनी दोन्ही मोनो करून एकाच स्पीकरवर लावली. आता ‘कोणती चांगली’ ऐवजी ‘कोणती आधीची’ असं विचारलं. बहुतेकांनी अचूक ओळखलं, आणि कारणंही सुरेख दिली: पहिल्यात एलायझा शब्दांवर तुटून पडते, दुसरीत तिला पुढची ओळ कुठे जाणार हे ठाऊक असतं. हॅरिसनबाबत मतं फुटली. काहींना छपन्नचा हिगिन्स चिडका आणि म्हणून खरा वाटला. काहींना एकोणसाठचा निवांतपणाच त्या माणसाच्या उद्धटपणाला शोभणारा वाटला.

दुसरा भाग चित्रपटाचा, आणि इथे बैठक खरी तापली. ‘जिचा आवाजच तिचा नाही, तिची तुलना काय करायची?’ असा एक पक्ष होता. पार्श्वगायनावर पोसलेल्या आपल्या कानांनी एवढं सोवळं का पाळावं, असा उलट सवाल आला. तो रास्त होता, पण पुरेसा नव्हता. आपल्याकडे पडद्यावरची आणि गाणारी या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत हे सर्वांना ठाऊक असतं आणि गाणारीचं नाव घरोघरी असतं. हॉलिवूडमध्ये ते झाकायची रीत होती; निक्सनचं नाव चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नाही. १९५६च्या ‘द किंग अँड आय’मध्ये डेबोरा कर आणि १९६१च्या ‘वेस्ट साइड स्टोरी’मध्ये नॅटली वुड यांच्यासाठीही तीच गायली होती.

गायन ताईंनी मग वादाला कान दिला नाही, एक गाणं लावलं. ‘जस्ट यू वेट’. एलायझा हिगिन्सच्या नावाने बोटं मोडते ते. त्या म्हणाल्या, डोळे मिटा आणि बाई बदलली असं वाटलं की हात वर करा. सुरुवात खुद्द हेपबर्नची आहे: खरखरीत, दातओठ खाऊन म्हटलेली, खालच्या पट्टीत. मग एलायझा राजाकडून मान मिळण्याची स्वप्नं रंगवू लागते, चाल वर चढते, आवाज एकदम गोल आणि मोकळा होतो. तिथे बरेचसे हात वर गेले. ती निक्सन. स्वप्न ओसरल्यावर पुन्हा हेपबर्न. शिवण कळल्यावर एकाने मजेशीर गोष्ट मांडली: इथे बदललेला आवाज जमूनच जातो, कारण एलायझा तेवढ्यापुरती खरोखरच दुसरी बाई झालेली असते. हा योगायोग आहे की कसब, यावर अर्धा तास गेला. मला योगायोगच वाटतो. अवघड जागा निक्सनला द्यायची, एवढाच हिशोब त्यामागे असावा.

त्यानंतर ‘वुडन्ट इट बी लव्हर्ली’ची हेपबर्नने स्वतः गायलेली आवृत्ती लावली. ती नंतर चित्रपटाच्या डीव्हीडीसोबत बाहेर आली. आवाज लहान, श्वास अपुरा, पण थंडीत कुडकुडणारी फुलवाली त्यात दिसते. जे पक्के विरोधक होते ते इथे गप्प झाले. आपला राग हेपबर्नवर होता की स्टुडिओवर, हे त्यांना आता वेगळं करता आलं.

काकांनी यात एक भर घातली ती मोलाची. हॅरिसन एकच ओळ दोनदा सारखी म्हणत नसे, त्यामुळे आधी गाणं मुद्रित करून चित्रीकरणात ओठ हलवणं त्याला जमणारं नव्हतं. म्हणून त्याच्या टायमागे बिनतारी मायक्रोफोन बसवून त्याची गाणी सेटवरच मुद्रित केली गेली. म्हणजे चित्रपटात हिगिन्स त्या क्षणी जगत असतो आणि समोरची एलायझा आधीच गाऊन ठेवलेल्या आवाजापुढे ओठ हलवत असते. आधीच्या टिपणांत ‘हेपबर्न हॅरिसनपुढे फिकी पडते’ असं होतं. त्या ओळीपुढे आता प्रश्नचिन्ह आलं.

याच रीतीने पुढची बैठक ‘वेस्ट साइड स्टोरी’वर झाली, ती थोडक्यात. तिथे आवाजापेक्षा क्रमावर बोट ठेवलं. रंगमंचावर ‘आय फील प्रिटी’ दुसऱ्या अंकाच्या तोंडाशी येतं. मारामारीत दोन खून झालेले प्रेक्षकांनी पाहिलेत, नायिका मारियाला पत्ता नाही आणि ती आरशासमोर खुशीत गातेय. १९६१च्या चित्रपटात ते मारामारीच्या आधी सरकवलं आणि त्यातला काटाच निघून गेला. ‘कूल’ आणि ‘ऑफिसर क्रप्की’ यांचीही अदलाबदल झाली: नाटकात खुनांनंतर येणारा विनोद चित्रपटात आधी आला आणि ‘कूल’ नंतर, जिथे त्याची धग वाढली. १९५७ची तबकडी पहिल्या प्रयोगानंतर तीनच दिवसांनी मुद्रित झाली आणि तिच्यात ही गाणी नाटकाच्या क्रमाने येतात, हे यावेळी आधीच पडताळलं होतं. २०२१च्या चित्रपटाने ‘आय फील प्रिटी’ पुन्हा मारामारीनंतर नेलं, हे कळल्यावर जुन्या तबकडीवाल्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते बघण्यासारखं होतं.

काय निष्पन्न झालं

जुनी टिपणं मागे घेतली नाहीत. प्रत्येक निष्कर्षाखाली नवी नोंद जोडली: तेव्हा काय समजलो, ऐकलं काय होतं, आता काय वाटतं. पुढच्या प्रत्येक आवृत्तीसाठी एक कार्ड ठरलं. त्यावर शहर, ध्वनिमुद्रणाची तारीख, प्रयोग सुरू झाल्यापासून गेलेला काळ, वाद्यवृंदाचा संचालक, पडद्यावर कोण आणि गातंय कोण, गाळलेली आणि नव्याने घातलेली गाणी. कार्ड भरल्याशिवाय ऐकायचं नाही.

‘साउंड ऑफ म्युझिक’चं कार्ड भरतानाच याचा उपयोग दिसला. १९६५च्या चित्रपटात तीन गाणी गेली आणि दोन नवी आली. त्या दोन्हींचे शब्दही संगीतकार रॉजर्सचेच, कारण गीतकार हॅमरस्टीन १९६०मध्येच वारले होते. ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ रंगमंचावर इथली नायिका मारिया आश्रमप्रमुख बाईंबरोबर गाते, मुलांबरोबर नव्हे. चित्रपटावर वाढलेल्या सभासदांना हे पचायलाच दोन बैठका लागल्या.

सगळं गोड झालं असंही नाही. मतदान गेल्यामुळे दोघं-तिघं यायचे थांबले. ‘आता हा अभ्यासवर्ग झाला’ असं त्यांचं म्हणणं, आणि ते अगदीच खोटं म्हणता येणार नाही. फाइल देणारे सभासदही बरेच दिवस फिरकले नाहीत. त्यांच्या फाइलचं नाव ‘माय फेअर लेडी, मूळ संच’ असं होतं, आणि मुख्य चौघे पाहता ते नाव पूर्ण चूकही नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

वेष्टनाची मागची बाजू आधी वाचता आली असती, हे तर झालंच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ‘इतके मुरलेले कसे?’ हा प्रश्न बैठकीत उठला तेव्हाच थांबायला हवं होतं. ऐकलेलं आणि माहीत असलेलं जुळत नसेल तर मतदान पुढे ढकलायला काय जात होतं?

फाइल देणाऱ्या सभासदांशी दुरुस्ती जाहीर करण्याआधी बोलणं व्हायला हवं होतं. टिपणांत त्यांचं नाव नव्हतं, पण पुढच्या बैठकीत कुणीतरी ‘लंडनवाले आले का?’ अशी थट्टा केली आणि ती त्यांच्या कानावर गेली. संयोजकांचा एक फोन आधी गेला असता तर कदाचित त्यांनीच हसत सांगितलं असतं की घरात दोन्ही तबकड्या आहेत.

नावं झाकून ऐकण्याचा प्रयोगही तपासण्यासारखा आहे. दोन्ही मोनो केल्याने ओळख लपली खरी, पण लंडनचं ध्वनिमुद्रण मुळात स्टिरिओसाठीच झालं होतं. त्याचं बलस्थान काढून घेऊन त्याला मैदानात उतरवलं गेलं. शिवाय प्रत्येक वेळी १९५६ची फाइलच आधी वाजली; क्रम आलटून-पालटून ठेवला असता तर हॅरिसनबद्दलची मतं तशीच फुटली असती का, हे बघायला आवडलं असतं. आणि एकदा तरी चित्र बंद करून सबंध चित्रपट नुसता ऐकायला हवा होता, कारण रेकॉर्डला डोळे नसतात आणि हेपबर्नच्या बाजूने निम्मी वकिली तिचा चेहराच करत होता.

सध्या गट ‘कॅबरे’वर अडला आहे. १९६६चं नाटक आणि १९७२चा बॉब फॉसचा चित्रपट. एमसी, म्हणजे कथेतल्या क्लबचा निवेदक, दोन्हीकडे जोएल ग्रे. पण चित्रपटाने घरमालकीण आणि फळविक्रेता यांची प्रेमकथा त्यांच्या गाण्यांसकट काढून टाकली, आणि एक गाणं सोडलं तर बाकी सगळी गाणी क्लबच्या मंचावर नेली. कार्डावरचा ‘गाळलेली गाणी’ हा रकाना भरून पाठीमागे गेला आहे. चित्रपटाला आवृत्ती मानायचं की नवी कलाकृती, यावर काका आणि गायन ताई यांचं पटत नाही, म्हणून संयोजक ताईंनी तूर्त दोन कार्डं केली आहेत.